लहान मुलांसाठी कला-हस्तकलेची कार्यशाळा कशी घ्यावी

तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी कला-हस्तकलेची कार्यशाळा घ्यायची म्हटले की आयोजकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'मुलांकडून काय करून घ्यायचे' हा, आणि पुढच्या बऱ्याच अडचणी या प्रश्नापासूनच सुरू होतात. 'कागदाचे फुलपाखरू' असे उत्तर एकदा ठरले की आदल्या रात्री त्याचा नमुना तयार होतो, मुलांना नीट कापता येणार नाही म्हणून पंखांचे तुकडे मोठी माणसेच कापून ठेवतात, आणि प्रत्यक्षात मुलांच्या वाट्याला येते ते ठरलेले तुकडे ठरलेल्या जागी चिकटवण्याचे काम. शेवटी एकसारखी पंधरा फुलपाखरे घरोघरी जातात. ती दिसतातही छान, परंतु ज्या मुलाला पंख उलटा लावून पाहायचा होता त्याचा हात कोणीतरी मध्येच धरलेला असतो. म्हणून आखणी करताना एक साहित्य आणि हातांची एक क्रिया एवढेच ठरवावे: कागद आणि फाडणे, माती आणि चिमटणे, रंग आणि ठसा उमटवणे, दोरा आणि गुंडाळणे. त्यातून कोणती वस्तू घडेल, किंवा वस्तू घडेल की नाही, हे मुलांवर सोडावे. नमुना टेबलावर ठेवूच नये, कारण नमुना दिसला की मूल साहित्याकडे पाहणे थांबवते आणि नमुन्याकडे पाहू लागते.

ही कल्पना नवी नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करून घेणे ही तेव्हाची रूढ पद्धत होती. ती बाजूला ठेवून मुलांना स्वतःच्या कल्पनेने काम करू द्यायचे, असे त्यांच्या वर्गाचे धोरण होते. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी मुलांच्या कार्यशाळांमध्ये नमुना समोर ठेवण्याची सवय मात्र गेलेली नाही.

वयाप्रमाणे गट

कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले. त्यांतील पहिले तीन टप्पे कार्यशाळा घेणाऱ्याला रोज उपयोगी पडतात. साधारण दोन ते चार वर्षांपर्यंत मूल गिरगोट्या काढते, आणि त्यात त्याला हाताच्या हालचालीचा व कागदावर उमटणाऱ्या खुणेचा आनंद असतो. चार ते सात या वयात गोल डोके आणि त्यालाच फुटलेले पाय अशी माणसे, कागदावर कुठेही तरंगणारी घरे आणि झाडे दिसू लागतात. सातच्या पुढे जमिनीची रेघ येते आणि वस्तू त्या रेघेवर ओळीने उभ्या राहतात. वये अर्थातच काटेकोर नसतात, कोणी लवकर पुढे जाते, कोणी सावकाश. तरीही यावरून दोन गोष्टी निश्चितपणे ठरवता येतात. तीन वर्षांच्या मुलाला 'हे काय काढलंस?' असे विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्याने बहुधा काहीच 'काढलेले' नसते. त्याने हात फिरवलेला असतो. आणि पाच वर्षांच्या मुलीने माणसाचे हात डोक्यातून काढले असतील तर ते दुरुस्त करू नयेत.

तीन आणि सात वर्षांची मुले एकाच टेबलावर बसवणे शक्यतो टाळावे. मोठ्या मुलाचे काम पाहून लहान मूल 'मला येत नाही' म्हणू लागते आणि तो सूर एकदा लागला की सत्र संपेपर्यंत जात नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी ४० ते ४५ मिनिटांचे सत्र पुरे होते, तर पाच ते सात वर्षांची मुले मधल्या पाणी पिण्याच्या सुट्टीसह सव्वा तास रमू शकतात. लहान गटात चार मुलांमागे एक मोठे माणूस आणि मोठ्या गटात सहांमागे एक, असे प्रमाण ठेवले तर कोणाची धावपळ होत नाही. नोंदणीच्या वेळीच पालकांकडून कशाची ॲलर्जी आहे का, त्वचा नाजूक आहे का आणि मूल डावखुरे आहे का, ही माहिती घ्यावी. शेवटचा प्रश्न विचारायचा बहुतेकांचा राहून जातो.

जागा आणि साहित्य

टेबलाची उंची उभ्या असलेल्या मुलाच्या कोपराच्या पातळीला असावी. रंगकाम आणि मातीकाम उभ्याने केलेले बरे, कारण त्यात खांद्यापासून हात फिरतो. तेव्हा अशा सत्रांत खुर्च्या सरळ बाजूला काढून ठेवाव्यात. टेबल नसेल तर जमिनीवर जाड प्लास्टिकचे कापड अंथरून, त्याच्या कडा चिकटपट्टीने पक्क्या करून तितकेच चांगले काम होते. हात धुण्याची जागा दूर असेल तर खोलीतच कोमट पाण्याची एक रुंद बादली आणि जुने टॉवेल ठेवावेत, म्हणजे रंगाने भरलेले हात वर धरून मुलांची रांग दाराबाहेर जाणार नाही.

ओली चित्रे वाळवण्याच्या जागेचा हिशेब मात्र आधीच करावा. ए-थ्री आकाराचा कागद साधारण ३० बाय ४२ सेंटिमीटरचा असतो. बारा मुलांनी प्रत्येकी दोन चित्रे रंगवली तर ती आडवी पसरायला कागदाला कागद लावूनही सुमारे ३ चौरस मीटर मोकळी जागा लागते, आणि पोस्टर रंगाचे ओले चित्र दोरीवर चिमट्याने टांगले तर रंग ओघळून मुलाच्या डोळ्यांदेखत ते बदलून जाते.

साहित्य थोडे असावे, पण चांगले असावे. नेहमीचा लिहिण्याचा कागद ७० ते ८० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे वजन इतके ग्रॅम) असतो. ओला ब्रश दोन-तीनदा फिरला की तो सुरकुततो आणि फाटतो. रंगकामासाठी १५० ते २०० जीएसएमचा कागद घ्यावा, आणि तो महाग वाटत असेल तर जुन्या खोक्यांचा पुठ्ठा कापून वापरावा. ब्रश जाड आणि आखूड दांड्याचे असावेत. मेणखडू नवे, लांब असतील तर ते मुद्दाम मोडून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करावेत, कारण एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही आणि मुलाला तो आपोआप बोटांच्या चिमटीत धरावा लागतो. नवे खडू मोडताना मोठ्यांच्या जिवावर येते, हे खरे. पांढरा डिंक बाटलीतून न देता बशीसारख्या उथळ झाकणात थोडा ओतून, सोबत जुना ब्रश द्यावा. बाटली दाबण्यात इतकी मजा असते की अर्धे सत्र त्यातच जाते. पोस्टर रंगात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब मिसळले तर कपड्यांवरचे डाग बऱ्यापैकी सहज निघतात. तरीही जुने कपडे घालून पाठवावे, असे पालकांना आधीच कळवावे.

सुरक्षिततेचे काही नियम असे आहेत की त्यांत सवलत देऊ नये. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतील सुटे भाग तपासण्यासाठी सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरले जाते आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी धरली जाते. कार्यशाळेत लहान भावंडे येणार असतील, किंवा मोठ्या गटातही वस्तू तोंडात घालण्याची सवय असलेले एखादे मूल असेल, तर मणी, बटणे, कडधान्ये आणि चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे याच कसोटीवर बाहेर ठेवावेत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर कोणत्याही वयोगटाला देऊ नयेत. गिळल्यास ते पोटात फुगून आतड्यात अडथळा निर्माण करतात. गरम डिंकाची बंदूक, कटर आणि उग्र वासाचे मार्कर मुलांच्या खोलीत आणूच नयेत. चमकी डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा पडू शकतो, शिवाय ती महिनाभर फरशीवरून हटत नाही, म्हणून माझा तिला साफ विरोध आहे. मैदा, मीठ आणि पाणी मळून केलेला गोळा घरगुती असला तरी निर्धोक नसतो. त्यात मीठ इतके असते की मुलाने तो मोठ्या प्रमाणात खाल्ला तर अपाय होऊ शकतो, आणि गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तो मुळीच चालत नाही.

एक सत्र जवळून: कागद फाडणे

पहिल्यांदा कार्यशाळा घेणाऱ्याने कागद फाडून चिकटवण्याचे सत्र निवडावे, असे मी सुचवेन. साहित्य फुकटात मिळते, अवजार लागत नाही, आणि बोटांना भरपूर काम मिळते.

मुले येण्याआधी प्रत्येक जाड कागदाच्या मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहून ठेवावी; काम ओले झाल्यावर हे जमत नाही. सुरुवातीला टेबलावर फक्त जुनी वर्तमानपत्रे असावीत. डिंक आणि रंगीत कागद नजरेआड ठेवावेत. प्रत्येकाला एक पान देऊन 'याची जितकी लांब पट्टी फाडता येईल तितकी फाडून पाहा' एवढेच सांगावे. एका दिशेने पान सरळ फाटत जाते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे, हे थोड्याच वेळात एखाद्या मुलाच्या लक्षात येते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेने बसतात, म्हणून असे होते. पाच-सहा वर्षांच्या मुलांना हे कारण सांगितले तर ते लगेच पान फिरवून स्वतः पडताळून पाहतात.

तीन-चार वर्षांच्या मुलांची अडचण वेगळी असते. ती कागदाची दोन टोके दोन मुठींत धरतात आणि जोर लावून बाहेर ओढतात. कागद काही फाटत नाही. फाडण्यासाठी दोन्ही हातांच्या चिमट्या एकमेकींना खेटून कडेवर ठेवाव्या लागतात, आणि एक हात आपल्याकडे व दुसरा पुढे न्यावा लागतो. हे शब्दांत सांगून कळत नाही. मदतनिसाने मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून बसावे आणि स्वतःच्या कागदावर सावकाश करून दाखवावे. तरीही जमले नाही तर मुलाच्या कागदाच्या कडेला सेंटिमीटरभर खाच पाडून द्यावी. तेवढ्याने फाडणे सुरू होते आणि ते श्रेय मुलाचेच राहते.

दहा मिनिटांनी रंगीत कागद आणावेत. एका बाजूने छापलेला जाड कागद, पातळ पतंगी कागद आणि जुन्या मासिकांची पाने एवढे तीन प्रकार पुष्कळ झाले. छापील जाड कागद फाडताना त्याच्या कडेला पांढरी किनार सुटते. हात कोणत्या दिशेने ओढला यावर ती या तुकड्याला येते की त्या, हे ठरते. एखाद्या मुलाला ही किनार सापडली की ते सबंध सत्र ढगांच्या आणि लाटांच्या कडाच फाडत बसते, आणि त्याला तसे बसू द्यावे.

डिंक आणखी दहा मिनिटे उशिरा द्यावा. तोवर मुले तुकडे जाड कागदावर ठेवतात, सरकवतात, एकावर एक रचतात, परत उचलतात, आणि या सरकवण्यातच रचनेचा खरा विचार होत असतो. डिंक लागला की तो थांबतो. चिकटवताना छोट्या तुकड्याला डिंक लावण्याऐवजी खालच्या कागदाला डिंक लावून त्यावर तुकडा ठेवायला शिकवावे, नाहीतर तुकडा बोटालाच चिकटून राहतो आणि मूल रडकुंडीला येते. बोटांना चिकट लागलेले मुळीच न खपणारे एखादे मूल प्रत्येक गटात असतेच. त्याच्याजवळ ओले फडके ठेवावे आणि ब्रशने काम करण्याची मुभा द्यावी. हात घालण्याचा आग्रह धरू नये.

पाच मिनिटांत 'झालं' म्हणणाऱ्या मुलाचे काय करायचे? त्याच कागदावर 'अजून काहीतरी लाव' असे सांगू नये. त्याच्या लेखी ते काम पूर्ण झालेले असते. दुसरा, वेगळ्या आकाराचा किंवा गडद रंगाचा कागद द्यावा, आणि तोही नको असेल तर कोपऱ्यातल्या मोकळ्या टेबलावर मेणखडूचे तुकडे आणि मोठा कागद मांडलेला असावा.

कात्री आणि रंग

कात्री बोथट टोकाची, परंतु धारदार पात्यांची असावी. पाती धार नसलेली असतील तर कागद कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो आणि मूल जोर लावत राहते. सुरुवात दीड-दोन सेंटिमीटर रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्यांनी करावी, म्हणजे एकदा कात्री मिटली की तुकडा खाली पडतो. पातळ कागद लवचीक असल्याने नवशिक्या हाताला तो अवघड जातो. अंगठा वरच्या बाजूला राहतो आहे ना, एवढे पाहावे आणि वळणाची रेघ आली की कात्री वाकडी न करता दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो, हे करून दाखवावे. जगात साधारण दहांपैकी एक माणूस डावखुरे असते, तेव्हा पंधरा मुलांच्या गटासाठी दोन डाव्या हाताच्या कात्र्या असाव्यात. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की वरचे पाते कापायची रेघ झाकते आणि मिटताना पाती एकमेकांपासून फाकतात. दोष कात्रीचा असतो आणि 'याला कापता येत नाही' असा शिक्का मात्र मुलावर बसतो.

रंगांच्या सत्रात डबीतले सगळे रंग मांडण्याचा मोह टाळावा. सगळे रंग दिले की दहा मिनिटांत सर्व कागदांवर एकच मातकट तपकिरी रंग उरतो. पिवळा आणि निळा असे दोनच रंग द्यावेत आणि पिवळ्यात निळा थेंब-थेंब मिसळायला सांगावे. उलट केले तर निळा पिवळ्याला गिळून टाकतो आणि हिरवा येईपर्यंत पिवळ्याची अर्धी बाटली संपते. पुढच्या सत्रात पिवळा आणि लाल, त्यानंतर पांढरा आणि कोणताही एक गडद रंग, अशा जोड्या देत गेले तर मुलांना मिश्रणे पाठ करावी लागत नाहीत.

मोठ्यांनी काय बोलावे, काय करू नये

मदतनिसांना सत्राआधी एकच नियम स्पष्ट सांगावा: मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही. 'मला मांजर काढून दे' असे मुलाने म्हटले तर 'मांजराची शेपूट कुठून सुरू होते? कान टोकदार असतात की गोल?' असे विचारून त्याला पुढे न्यावे. 'छान', 'सुंदर', 'शाब्बास' हे शब्द सढळपणे वाटू नयेत. जे दिसते ते बोलावे: 'निळे तुकडे तू एकावर एक ठेवलेस आणि हा पिवळा एकटाच लांब ठेवलास.' यावर मूल बहुधा त्या पिवळ्याची गोष्ट सांगू लागते, आणि नाही सांगितली तरी बिघडत नाही.

स्पर्धा, क्रमांक आणि बक्षिसे या वयात नकोत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना 'चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल' असे आधी सांगितले होते, काहींना ते अचानक दिले आणि काहींना दिलेच नाही. एक-दोन आठवड्यांनी, मोकळ्या वेळेत, आधी आमिष दाखवलेल्या मुलांनी चित्रे काढण्यात इतरांच्या सुमारे निम्माच वेळ घालवला. अचानक प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांमध्ये अशी घट दिसली नाही. सहभागाचे प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर ते निघताना द्यावे, आणि त्याची आधी जाहिरात करू नये.

पालकांशी बोलणे हाही या कामाचाच भाग आहे. पैसे आणि वेळ खर्चून मुलाला आणलेल्या पालकांच्या हाती एक डिंकाळलेला कागद पडला तर त्यांचा चेहरा उतरणे स्वाभाविक आहे. म्हणून नोंदणीच्या वेळीच सांगावे की घरी येणारी वस्तू ओळखू येईलच असे नाही, आणि 'हे काय आहे?' या प्रश्नाऐवजी 'हे कसं केलंस?' असे विचारावे. कामाच्या मधल्या टप्प्यांची दोन-तीन छायाचित्रे पालकांना दाखवली तर पुष्कळ शंका मिटतात. ती काढण्याची आणि इतरांना दाखवण्याची परवानगी मात्र आधी लेखी घ्यावी.

आवराआवरी

सत्रातील शेवटची दहा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवावीत आणि ती मुलांकडूनच करून घ्यावीत. 'आता पाच मिनिटांनी थांबायचं आहे' ही सूचना आधी द्यावी, कारण हातातला ब्रश अचानक काढून घेतला तर कोणाचेही बिनसते. 'सगळे आवरा' या आज्ञेने काही होत नाही. एकाने ब्रश गोळा करायचे, दोघांनी टेबल ओल्या स्पंजने पुसायचे, एकीने मोठे तुकडे एका खोक्यात आणि बारीक कपटे दुसऱ्यात टाकायचे, असे काम वाटून दिले की मुले ते कलेइतक्याच तन्मयतेने करतात. ब्रश धुऊन आडवे वाळवावेत, पाण्याच्या पेल्यात उभे ठेवले तर केस कायमचे वाकतात.

मुले गेल्यावर पाच मिनिटे बसून कोणते साहित्य कमी पडले, कोणते कोणी हातही लावले नाही, कोण शेवटपर्यंत नुसते पाहत बसले होते, हे लिहून ठेवावे. पुढच्या सत्राला नवे साहित्य आणण्याची घाई करू नये. पहिल्यांदा मुले साहित्याची ओळख करून घेतात आणि दुसऱ्यांदा ते वापरू लागतात, त्यामुळे तेच साहित्य एखादी भर घालून पुन्हा द्यावे: कागद फाडण्याच्या सत्रानंतर तेच तुकड्यांचे खोके, तोच डिंक, आणि सपाट कागदाच्या जागी प्रत्येकाला एक रिकामे खोके, म्हणजे चिकटकाम आता चारी बाजूंनी फिरू लागते.